बर्फ पाहायला निघताना : गुलमर्ग की औली?



नाताळची सुट्टी जवळ येऊ लागली की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. नातवंडांना स्कीइंग शिकायचे असते, मुलासुनेने रजा टाकलेली असते, आणि घरातल्या आजी-आजोबांनी एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बर्फ पाहावा, अशी सर्वांची मनापासून इच्छा असते. मग विचारणा होते, की काश्मीरमधले गुलमर्ग बरे, की उत्तराखंडातील औली? सहल आखून देणारे याचे उत्तर हॉटेल, विमान आणि खर्च यांच्या हिशेबात देतात. डॉक्टरने ते हृदय, फुप्फुसे, गुडघे आणि औषधांचा डबा यांच्या हिशेबात द्यावयास हवे. आजच्या लेखात ते देण्याचा प्रयत्न करतो.

ज्येष्ठांना नेऊच नये, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. सत्तरी ओलांडलेली, रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात असलेली पुष्कळ माणसे अशा प्रवासाहून आनंदाने परततात. ‘या वयात कशाला?’ असे म्हणून त्यांना घरी ठेवणे जितके अन्यायाचे, तितकेच प्रेमाच्या भरात त्यांना झेपणार नाही अशा ठिकाणी ओढून नेणेही अन्यायाचेच. या दोहोंमधला मार्ग शोधायचा, तर थोडा भूगोल आणि थोडे शरीरशास्त्र ठाऊक असावे लागते.

उंची म्हणजे नेमके काय?

आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे. त्याची उंची १६४६ मीटर. श्रीनगर शहर जवळपास तेवढ्याच, म्हणजे सुमारे १५८५ मीटर उंचीवर वसलेले आहे. गुलमर्ग त्याच्याही वर हजार मीटर, म्हणजे सुमारे २६५० मीटरवर आहे. औलीचे उतार साधारण २५०० ते ३०५० मीटर या पट्ट्यात पसरलेले आहेत. पायथ्याचे जोशीमठ, ज्याला आता ज्योतिर्मठ म्हणतात, सुमारे १९०० मीटरवर आहे.

वर गेल्यावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असा समज आहे. वस्तुतः प्रमाण तेच, एकवीस टक्क्यांच्या आसपास राहते. कमी होतो तो हवेचा दाब. गुलमर्गला हा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या पाऊणपटीहूनही किंचित कमी भरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक रक्तात पोहोचणारा प्राणवायू घटतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी श्वासाची व हृदयाच्या ठोक्यांची गती वाढते. तरुण हृदय हे जादा काम सहज करते. ज्या हृदयाच्या वाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्याच्यावर मात्र ताण पडतो. आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढला, की त्या ताणात भर पडते.

विरळ हवेचा त्रास बहुधा २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, थकवा, भोवळ, झोप न लागणे ही त्याची लक्षणे. केवळ वय वाढले म्हणून हा त्रास अधिक होतो, असे मात्र नाही. ज्येष्ठांना धोका असतो तो वयापेक्षा त्यांच्या जुन्या आजारांचा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा त्रास वर पोहोचताक्षणी क्वचितच जाणवतो; तो काही तासांनी, बहुतेकदा पहिल्या रात्री, डोके वर काढतो. म्हणून दिवसा आपण किती उंच जाऊन आलो, यापेक्षा रात्री कोणत्या उंचीवर झोपलो, याला अधिक महत्त्व आहे.

दोन ठिकाणे, दोन स्वभाव

आता दोन्ही ठिकाणांकडे या दृष्टीने पाहू.

गुलमर्गची चढण झटपट आहे. मुंबईहून किंवा पुण्याहून सकाळी निघालेला माणूस विमानाने श्रीनगरला उतरतो आणि सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता कापून संध्याकाळी २६५० मीटरवर झोपतो. शरीराला सवय होण्यास अवधीच मिळत नाही. मात्र तेथून उतरणेही तितकेच जलद. रस्ता मोकळा असेल, तर दोनेक तासांत आपण श्रीनगरला पोहोचतो, आणि तेथे सौरा येथील शेर-ए-काश्मीर संस्थेसारखी मोठी रुग्णालये आहेत. एक अडचण ध्यानात असू द्यावी. बर्फ पडला, की पायथ्याच्या टंगमर्गपासून वरच्या शेवटच्या तेरा किलोमीटरवर चाकांना साखळ्या बांधलेली किंवा चारही चाकांना गती असलेली वाहनेच जाऊ शकतात. विमानेही धुक्यामुळे वा हिमवृष्टीमुळे रद्द होतात.

औलीची गोष्ट उलट आहे. ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि तो सारा घाटरस्ता. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशी एकेक संगमस्थाने मागे टाकीत गाडी हळूहळू चढत जाते. वाटेत एक मुक्काम केला आणि जोशीमठला आणखी एक रात्र काढली, तर शरीराला उंचीची ओळख पायरीपायरीने होते. वैद्यकीयदृष्ट्या अशी चढण उत्तम. परंतु आजारी माणसाला खाली आणायचे झाले, तर तोच रस्ता पुन्हा कापावा लागतो. दरड कोसळली, तर तो तासन्‌तास बंदही राहतो. गढवालमधील श्रीनगरला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि ऋषिकेशला एम्स आहे. पण तेथवरचा प्रवास तासांच्या हिशेबात मोजावा लागतो. जोशीमठाहून औलीला नेणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये तेथील जमीन खचून घरांना तडे गेल्यावर बंद ठेवण्यात आला. त्यामुळे तो आहे असे गृहीत धरू नये. निघण्यापूर्वी त्याची सद्यःस्थिती विचारावी आणि वळणावळणाच्या गाडीरस्त्याची मनाशी तयारी ठेवावी.

थोडक्यात, औलीला चढण सौम्य आणि परतीची वाट लांब. गुलमर्गला चढण घाईची आणि परतीची वाट जवळची. विरळ हवेच्या आजारावरचा सर्वांत खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे. म्हणून ज्येष्ठांसाठी ठिकाण निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो असा : ‘रात्री दोन वाजता आजोबांना दम लागला, तर त्यांना हजार मीटर खाली आणि रुग्णालयाच्या दारात किती वेळात नेता येईल?’ या प्रश्नाचे उत्तर समोर ठेवले, की दोहोंतली निवड पुष्कळशी आपोआप होते.

मग कोणी कोठे जावे?

हृदयविकार, दमा किंवा धूम्रपानाने जडलेला फुप्फुसांचा जुना आजार ज्यांना आहे, पण तो आटोक्यात आहे, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने काश्मीर निवडावे आणि मुक्काम श्रीनगरलाच ठेवावा. पहिले दोन दिवस दल सरोवराकाठी निवांत काढावेत. तिसऱ्या दिवशी सकाळी गुलमर्गला जाऊन, तीन-चार तास बर्फात रमून, उजेडी परत यावे. नातवंडे आणि त्यांचे आईवडील स्कीइंगसाठी वर राहिले, तरी हरकत नाही. या बेतात बर्फही पाहून होतो आणि रात्रीची झोप कळसूबाईच्या उंचीवर होते.

ज्यांचे आरोग्य उत्तम आहे, जे न थांबता दोन मजले चढू शकतात आणि लांबच्या मोटारप्रवासाने ज्यांची कंबर धरत नाही, त्यांना औली जरूर मानवेल. तेथे गर्दी तुलनेने कमी असते. ७८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर समोर उभे असते. ज्यांनी उन्हाळ्यात बद्रीनाथची यात्रा केली असेल, त्यांना जोशीमठचे नृसिंह मंदिर ठाऊक असेलच. या ओढीचे मोल मी कमी मानत नाही. मात्र प्रवास दोन दिवसांत विभागावा, दर दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करावेत आणि जोशीमठला एक पूर्ण रात्र काढल्याशिवाय वर मुक्काम करू नये. ‘लघवीला उतरावे लागेल’ म्हणून पाणी पिणे टाळणारे ज्येष्ठ मी पुष्कळ पाहिले आहेत. पाणी कमी आणि पाय तासन्‌तास लोंबकळलेले, अशा स्थितीत पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. कोठे थांबायचे हे चालकाशी आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे कोणालाही संकोच वाटणार नाही.

काहींनी मात्र यंदा दोन्ही ठिकाणे टाळावीत. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, थोड्या श्रमाने छातीत दुखणारे, हृदयाच्या अशक्तपणामुळे पायांवर सूज असलेले, घरी प्राणवायू लावावा लागणारे आणि तीव्र रक्तक्षय असलेले रुग्ण यांत येतात. विदर्भ आणि खानदेशातील वाचकांना एक खास सूचना. सिकलसेलचा आजार घरात असेल, तर उंचीवर जाण्यापूर्वी तरुणांनीही रक्ततपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांना स्वतः आजार नाही, पण ज्यांच्या रक्तात तो दोष आहे, अशांच्या प्लीहेलाही विरळ हवेत इजा होऊ शकते.

गोंडोलाचा मोह

गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३०८० मीटरवर. दुसरा अफरवतच्या खांद्यावर, जवळजवळ ३९५० मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास असतो. ज्येष्ठांनी पहिल्या टप्प्यावर समाधान मानावे, तेही श्वास आणि पाय साथ देत असतील तर. ‘तिकीट काढलेच आहे’ हे दुसऱ्या टप्प्याला जाण्याचे कारण होऊ शकत नाही. थंडीत रांगेत उभे राहणे हाही श्रमच असतो. वारा वाढला की ही सेवा थांबवली जाते, हेही मनात असावे.

ओढगाडीत बसून उतारावरून घसरणे किंवा बर्फावरच्या स्कूटरवर बसणे गमतीचे वाटते. पण हाडे ठिसूळ झालेल्या आजीच्या पाठीच्या मणक्याला एक धक्काही पुरेसा असतो. बर्फावर चालताना पावले आखूड टाकावीत, हात खिशात घालू नयेत, बुटांचे तळवे खाचांचे असावेत, आणि काठी असेल तर तिला टोकदार लोखंडी खिळा बसवून घ्यावा. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याला पडून मार लागला, तर वरून जखम दिसो वा न दिसो, तिला रुग्णालयातच न्यावे.

औषधांचा डबा आणि थंडी

औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान चार-पाच दिवसांची अधिक न्यावीत, आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले, तरी वापरण्याजोगे राहत नाही. म्हणून ते अंगाजवळच्या आतल्या खिशात ठेवावे. साखर मोजण्याचे यंत्र आणि दम्याचा पंपही थंडीत नीट काम देत नाहीत. त्यांनाही तीच ऊब हवी. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण बोट गार असेल तर तो चुकीचा आकडा दाखवतो. हात चोळून, ऊब आल्यावर मोजावे. त्या उंचीवर निरोगी माणसाचा आकडाही घरच्यापेक्षा कमी येतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे.

विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी एक गोळी मिळते, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. शेजाऱ्याने घेतली म्हणून ती घेऊ नये. मूत्रपिंडाचा आजार, सल्फा औषधांची ॲलर्जी आणि आधीपासून चालू असलेल्या लघवीच्या गोळ्या यांचा विचार करूनच डॉक्टर ती देतात. झोपेची गोळी आणि मद्य, दोन्हींनी श्वास मंदावतो. पहिल्या रात्रीच्या अस्वस्थ झोपेवर त्यांचा उतारा शोधू नये. कापूर हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांचा दिलासा देतात, पण खाली उतरण्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

कपडे एकावर एक, थरांनी घालावेत. डोके, कान आणि हातपाय झाकलेले असावेत. उतारवयात तहान आणि थंडी या दोहोंची जाणीव बोथट होते, म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता कोमट पाणी पुढे करावे. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना इजा करते. अतिनील किरण अडवणारा काळा चष्मा प्रत्येकाच्या डोळ्यांवर हवा.

खोलीतील शेकोटीविषयी विशेष सावध राहावे. कोळशाची किंवा लाकडाची बुखारी, गॅसचा हीटर, कांगडी यांपैकी काहीही बंद खोलीत रात्रभर पेटते ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो. खोली ठरवताना विजेवरची ऊब मिळते का, हे विचारावे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी कांगडी किंवा गरम पाण्याची पिशवी पायांशी घेऊ नये. चटका बसला तरी त्यांना कळत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

माझ्या माहितीतल्या एका आजोबांनी दोन दिवस डोकेदुखी आणि मळमळ अंगावर काढली, कारण नातवाच्या स्कीइंगच्या वर्गाचे दोन दिवस उरले होते. त्यांना खाली नेल्यावर बरे वाटले; परंतु हे निभावले, म्हणून ते योग्य होते असे नाही. आपल्यामुळे इतरांचा विरस होऊ नये, ही ज्येष्ठांची सवय डोंगरात धोकादायक ठरते. म्हणून ‘बरे आहात ना?’ असे विचारू नका. त्याला ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘रात्री झोप किती लागली? डोके कोठे दुखते? नाश्ता पूर्ण केलात का?’ असे विचारा. सरळ रेषेत दहा पावले चालायला लावा. बसल्या जागी दम लागणे, सतत खोकला, पावलांचा तोल जाणे, बोलण्यात गोंधळ किंवा असंबद्धता, यांतील एकही गोष्ट दिसली तरी सकाळची वाट न पाहता खाली निघावे आणि रुग्णालय गाठावे. छातीत दुखणे हे तर उंचीचे लक्षण समजून कधीच सोडून देऊ नये.

विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला अनोळखी खोलीत संध्याकाळी अधिक गोंधळायला होते. तिच्यासोबत ओळखीची शाल आणि रोजचा पेला न्यावा, आणि बाहेरच्या थंडीत ती एकटी जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

सर्व जण वर बर्फात असताना खाली ज्येष्ठांसोबत कोण बसणार, हे घरीच, निघण्यापूर्वी ठरवावे. ते काम न बोलता सुनेकडे किंवा लेकीकडे जाते, असा माझा अनुभव आहे. पाळी लावावी, सुट्टी तिचीही आहे. इतर राज्यांतली प्रीपेड मोबाइल जोडणी जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वर आणि खाली असलेल्या दोघांकडेही पोस्टपेड जोडणी असावी, नाहीतर गरजेच्या वेळी निरोपच पोहोचणार नाही.

निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, हृदयाचा आलेख एवढे पाहिले, आणि आजार व चालू औषधे यांची यादी एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवली, की बरीच चिंता मिटते. आणि तिकिटे काढण्यापूर्वी आजी-आजोबांनाही एकदा विचारावे, की तुम्हाला बर्फात राहायचे आहे की नुसता पाहायचा आहे? पुष्कळांना मूठभर बर्फ हातात घेऊन, नातवाच्या अंगावर भिरकावून, गरम कहवा पिऊन परत यायचे असते. तेवढ्यासाठी श्रीनगरहून केलेली एका दिवसाची फेरी पुरेशी होते.